दार बंद

१२ जून. विकायच्या कडक भाकऱ्या थापत होते. दार सताड उघडं; चुलीच्या धुरामुळं ते दिवसभर लावताच येत नाही. नाक्यावरच्या टपरीवाल्यानं लेकीच्या हातात एक पाकीट आणून दिलं. कुरिअरवाला त्याच्याकडं टाकून गेला होता. आत पुण्याच्या हॉस्पिटलचं बोलावणं, नर्सिंगच्या प्रशिक्षणाचं. हजर राहायची तारीख कालची. पाकिटावर दोनदा शेरा: दार बंद.

लेकीनं फोन लावला. ऐकलं. ठेवला.

"आई, जागा गेली की. दुसरीला दिली."

हात धुतले आणि पाकीट घेऊन कुरिअरच्या ऑफिसात गेले. मॅनेजर बसलेला. खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी मी उभी. त्यानं एक कोरी पावती उलटी करून मागच्या छापील अटी पुढं सरकवल्या.

"वाचता येतं का मावशी? उशीर झाला तर कंपनी जबाबदार नाही."

"दार उघडं होतं."

"तुमच्या वस्तीत आमची पोरं शिरतच नाहीत. वास मारतो म्हणतात. नाक्यावरनंच फिरतात."

"भाकरी मात्र चालती की, सायेब!" शेजारचा क्लार्क म्हणाला. दोघं हसले.

अशा वेळी मी नेहमी मान खाली घालून परत येत आलेय. शाळेत, रेशनच्या रांगेत, दवाखान्यात. आत्ताही पाय वळले. मग त्याचंच वाक्य कानात अडकलं.

"शिरतच नाहीत, तर दार बंद हे पाहिलं कुणी?"

त्यानं परत पावतीवर बोट ठेवलं.

"उशिराचं छापलंय. खोटं लिहिलं तरी जबाबदार नाही, असं कुठं छापलंय ते दाखवा."

त्यानं पाकिटासाठी हात पुढं केला. मी दिलं नाही. मग तो हळू बोलला, अगदी गोड.

"मावशी, तुमच्या भाकऱ्या पुण्याला आमच्याच गाडीतनं जातात ना? अन् लेक क्लासवरनं एकटीच येती व्हय?"

ओरडला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी एक मोटरसायकल गल्लीत शिरली. आमच्या दारासमोर थांबली. वर त्यांच्याच कंपनीचा शर्ट घातलेला माणूस. बघत राहिला, आणि गेला.

"जाऊ दे आई," लेक म्हणाली.

गेलेली जागा तक्रारीनं परत मिळत नाही, हे मला कळतं. पण माझ्या घरापर्यंत यायचं नाही, वर खोटं लिहायचं, आणि विचारलं की लेकीवर यायचं. हे मी आता गिळणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटवली नाही. लेकीला घेऊन ग्राहक आयोगात गेले. बाहेरच्या टायपिस्टला सगळं सांगितलं. शेरा, मॅनेजरचं बोलणं, मोटरसायकल. पत्त्यापाशी तो अडला.

"बाई, वस्तीचं नाव नको. नुसता वॉर्ड टाकू का?"

"वस्तीचंच टाका," म्हटलं, आणि सही केली.