वानखेडे काकांचं मत

वानखेडे काकांनी हात वर केला की तो मोजला जाईपर्यंत खाली येत नसे. नॉर्थ कॅरोलायनातल्या आमच्या छोट्या गावच्या मराठी मंडळात, पिकनिकला मसालेभात की पुलाव एवढ्यावरसुद्धा हा माणूस मतदान मागायचा. "मोजा ना बाप्पा! मोजल्याबिगर कसं समजंन?" आम्ही हसायचो, कारण आमच्याकडे मतदान होतच नाही. अध्यक्ष विचारतात, "मग सर्वानुमते ना?" आणि टाळ्या पडतात. मतभेद दिसला तर म्हणे वातावरण बिघडतं!

काका नागपूरचे, बौद्ध, औषध कंपनीतून रिटायर झालेले. टाउन कौन्सिलच्या मीटिंगला इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या रांगेत बसायचे. "आपण समोर बसलो तं सरकार नीट वागते," म्हणायचे. गेल्या हिवाळ्यात ते गेले. माझा राग मात्र गेलेला नाही, आणि तो लपवायची मला काही गरज वाटत नाही.

त्यांच्या मुलीला, सुजाताला, ऑफिसातल्या आपल्याच एका मॅनेजरने लंचला गोडगोड बोलत आडनाव विचारलं, मग गाव, मग "घरी गणपती बसवता का?" उत्तर 'नाही' आलं आणि हळूहळू तिची कामं काढून घेतली गेली. शेवटी नोकरी गेली. तक्रार करायला गेली, तर गावच्या भेदभावाविरुद्धच्या नियमात रंग होता, धर्म होता, जात नव्हती. पुढे तो शब्द त्या नियमात घालायचा विषय कौन्सिलपुढे आला, तेव्हा काका हरखून गेले.

"मंडळात काढू नका हं हे," मी म्हटलं. "सरळ कौन्सिलपुढे जाऊन बोला."

"काहून? आपलेच लोक आहेत. त्यांना विचारल्याबिगर कसं जाऊ?"

लायब्ररीच्या हॉलमध्ये त्यांनी विषय मांडला. मग अध्यक्ष म्हणाले, "अहो काका, इथे अमेरिकेत कुठली आलीय जात? उगाच आपल्या मुलांवर ठपका. मंडळाचा विरोध कळवून टाकू, सर्वानुमते."

काकांनी हात वर केला. मीही केला.

"दोघांचा जरा गैरसमज होतोय, नंतर बोलू," अध्यक्ष हसून म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. चहा फिरला, तरी काकांचा हात वरच होता.

कौन्सिलपुढे काका आवाज न चढवता नीट बोलले. मग मंडळाचा निरोप वाचला गेला: आमच्या समाजात असा भेदभाव नाही, यावर आमचं एकमत आहे. एक कौन्सिलर बाई अगदी मऊपणे म्हणाल्या, तुमच्याच लोकांना नको असेल, तर आम्ही कसं करावं? तो शब्द वगळला गेला. काकांनी मंडळाला विचारलं नसतं, तर तो निरोप गेलाच नसता.

पार्किंगमध्ये सुजाता नुसती स्टीअरिंग धरून बसली होती. काका तिच्या शेजारी, मी मागच्या सीटवर. "बाबा, का विचारलंत त्यांना? व्हाय?"

बाहेर मंडळाची माणसं एकमेकांना हात करत आपापल्या गाड्यांत बसत होती. काका त्यांच्याकडे बघत राहिले.

"आपले वाटले ना बाई मले ते," ते म्हणाले.