जिजीचे गुडघे

आमची पोस्ट बर्फात होती. मी प्लाटूनचा सुभेदार, मूळ विसरवाडीचा. नाईक प्रकाश रनाळ्याचा. एकाच जिल्ह्याचे म्हणून ड्युटी संपली की आम्ही अहिराणीत गप्पा मारायचो. जानेवारीत गस्तीची तुकडी परतत असताना वरून बर्फ कोसळला. रेडिओवर आवाज आला, "एक जवान मिसिंग. ओव्हर." मी नाव विचारलं. प्रकाश होता. आम्ही त्याला बाहेर काढलं, पण उशीर झाला होता.

रिटायर झाल्यावर पहिल्याच आठवड्यात रनाळ्याला गेलो. ओट्यावर त्याची आई बसली होती. सगळं घर तिला जिजी म्हणतं. मिरची तोडायला बायकांच्या पुढे असणारी ही बाई आता भिंत धरूनही जेमतेम उठत होती. डॉक्टरांनी दोन्ही गुडघे बदलायला सांगितले होते. प्रकाशची बायको कविता म्हणाली, तेच राहिले नाहीत, मग फौजेचा इलाज तरी कसा राहील?

मी तिला समजावलं. जवान गेला तरी घरच्यांचा इलाज थांबत नाही. फॅमिली पेन्शन मिळते, तशी आरोग्य योजनाही पुढे चालते. कार्ड कविताच्या नावाने करायचं, आणि जिजी प्रकाशवर अवलंबून होती म्हणून तिचंही नाव त्यात येतं. मी सोबत गेलो. कार्ड झालं.

पण जिजी अडून बसली. "पोरगा गया, आनि मी तेन्हा नाववर नवा पाय लावू?"

आयुष्यभर हुकूम दिले, पण तिच्यापुढे एकही चालेना. कविता तिच्या पायाशी बसली.

"जिजी, हाई दान नही शे. तेस्नी कमाई शे. पोरगानी कमाई मायनी नही खावानी, ते कोनी खावानी?"

मग जिजीने मला विचारलं, नव्या गुडघ्यांनी वाकून मिरची तोडता येईल का? मी नाही म्हणालो.

"मंग सून तोडी. मी उभी ऱ्हाईसन हुकूम देसू."

कविता रडता रडता हसायला लागली.

एकामागून एक दोन्ही गुडघे झाले. वॉर्डच्या पॅसेजमध्ये मी तिची परेड घ्यायचो, लेफ्ट, राइट. ती मुद्दाम उलटा पाय टाकायची आणि नर्सकडे बघून डोळा मारायची.

पुढच्या रेझिंग डेला, म्हणजे स्थापना दिवसाला, पलटणीने शहिदांच्या कुटुंबांना बोलावलं. शहिदांचं स्मारक उंचावर आहे, चढायला पायऱ्या आहेत. कर्नलसाहेबांनी हात पुढे केला. जिजीने त्यांना नमस्कार केला आणि एकटीच चढून गेली. वर पोचल्यावर तिने मला प्रकाशचं नाव दाखवायला सांगितलं. मी तिचं बोट दगडात कोरलेल्या अक्षरांवर ठेवलं.

"परकाश, देख. मन्हा पायसवर चढीसन उनू."

खाली बँड सुरू झाला. जिजीची मान तालावर हलायला लागली, मग पायही. मी टाचा जुळवून सॅल्यूट केला. नाईक प्रकाशला हसत केलेला तो माझा पहिला सॅल्यूट.