मंगलाअक्का, ‘डिड’ आणि केळीची पेटी

गेल्या सोमवारी सकाळी रावेरजवळच्या एका केळीच्या पॅकहाउसमध्ये डोक्यावर प्लास्टिकची टोपी घालून बसलो होतो... पंचवीस वर्षं संस्कृत शिकवलं, पण असा मुकुट पहिल्यांदाच लाभला.

निमित्त आमच्या शेजारच्या मंगलाअक्का. अर्धं आयुष्य घरच्या केळीत गेलं आणि आता पंचेचाळिसाव्या वर्षी या पॅकहाउसात सुपरवायझरच्या जागेसाठी मुलाखत. स्वतःच्या नावाची पहिली नोकरी! अडचण एकच, परदेशी खरेदीदार व्हिडिओ कॉलवर इंग्रजीत बोलतात.

म्हणून आदल्या आठवड्यात वही घेऊन माझ्याकडे आल्या. संस्कृतचा असला तरी मास्तर तो मास्तरच, हा त्यांचा हिशेब. मी उत्साहाने धातू, लकार, कर्ता असा पाया खणायला घेतला... दुसऱ्याच दिवशी त्यांना जांभया. माझ्या वर्गाची ही परंपरा जुनी, म्हणून मनाला लावून घेतलं नाही.

गाडी ‘डिड यू वेन्ट’पाशी अडली. ‘डिड’ आला की ‘वेन्ट’चा पुन्हा ‘गो’ होतो, हे चार प्रकारे सांगून झालं. शेवटी अक्काच म्हणाल्या, “भाऊ, हे तर घड कापण्यासारखं झालं! एक कापतो, दुसरा खांद्यावर घेतो. डिडनं भूतकाळाचं ओझं उचललं ना, मंग गोवर परत कशाले लादता?”

मी वही मिटली. सहायक क्रियापदांची इतकी सुटसुटीत फोड मला जमली नसती... “आता गुरुदक्षिणा मीच देतो,” म्हटलं. “भरताची वांगी आणा,” अक्का म्हणाल्या.

तर मुलाखत. आधी एक पेटी भरून दाखवायची होती, ती अक्कांनी झोकात भरली. मग कॉल लागला. पलीकडच्या खरेदीदार बाईंनी पेटी कॅमेऱ्यासमोर रिकामी करायला लावली... वरच्या फण्या देखण्या, खालच्या बारीक!

पाहुण्यांकडे पाटी धाडताना आपण अशीच भरतो. परदेशात मात्र पेटीतली प्रत्येक फणी सारखी लागते.

“डिड यू पॅक धिस?” बाईंचा प्रश्न. मॅनेजर गडबडले, अक्कांना वाचवायला म्हणून फण्या हातात देणाऱ्या मदतनीस बाईंवर चूक ढकलू लागले. अक्कांनी त्यांना हातानेच थांबवलं आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाल्या, “आय डिड.” मग पेटी जवळ ओढत, “आय विल पॅक अगेन.”

आणि परवानगीची वाट न बघता फण्या निवडायला बसल्यासुद्धा! मी टोपीखाली घामाघूम... नोकरी गेली, असंच धरून चाललो होतो.

बुधवारी फोन आला. जागा अक्कांचीच! खरेदीदार बाईंनी म्हणे एवढंच कळवलं, की चूक स्वतःची म्हणणारीच्या हाती पेट्या असल्या की आम्हाला झोप लागते.

काल अक्कांकडे भरीत झालं. भाजलं त्यांनी, ठेचलं त्यांनी, फोडणीही त्यांचीच... बाजारातून वांग्यांची पिशवी तेवढी मी खांद्यावरून आणली. इतकी वर्षं ‘सहायक’ म्हणजे दुय्यम असं शिकवत आलो, त्या सगळ्या पोरांची या निमित्ताने माफी मागतो.