छतावरचा झेंडू

पायलच्या डाव्या दंडावर पिवळ्या तापाची लस टोचली गेली, त्या दिवसापासून उज्वलाला त्या दंडाचासुद्धा राग येऊ लागला. घानाला जायचं तर ही लस घ्यावीच लागते. पायल मुंबईला जाऊन ती घेऊन आली आणि दोन दिवस दंड चोळत वर्कशॉपभर फिरली. जो तो विचारायचा, "दुखतंय का गं?" अठरा वर्षं वायरींच्या टोकांना लग, म्हणजे तांब्याच्या टोप्या, दाबून दाबून उज्वलाचा उजवा अंगठा बाजूला वळला होता. त्याची चौकशी कुणी कधी केली नव्हती.

उज्वला मूळची विंचूरची. वडील कांद्याच्या मार्केटमध्ये हमाल. दहावीनंतर ती आयटीआयला वायरमन ट्रेडला गेली, तेव्हा वर्गात एकोणतीस मुलगे आणि ही एकटी. पहिल्या महिन्यात मुलं तिला नुसती बॅटरी धरायला लावायची. परीक्षेत ती दुसरी आली, तेव्हा मुलांनी बॅटरी स्वतः धरली. लग्न होऊन ती इंदिरानगरला आली आणि अंबड एमआयडीसीतल्या या बस-बॉडी वर्कशॉपमध्ये कामाला लागली. आधी डिझेल बसचे दिवे, हॉर्न, वायपर. मग मालक सोमनाथ साहेबांनी इलेक्ट्रिक मिनीबस बनवायला घेतल्या, आणि उज्वला चाळिशीच्या तोंडावर बॅटरी, कंट्रोलर, मोटर सगळं नव्यानं शिकली.

आता ऑर्डर होती घानातल्या आक्रा शहराची. तिथे मिनीबसला ट्रोट्रो म्हणतात. आपल्याकडच्या काळ्या-पिवळ्या जीपसारखीच ती, भरली की सुटते. ही नवी ट्रोट्रो सोळा सीटची, विजेवर चालणारी. तिचं चार्जिंग डेपोच्या शेडवरच्या सोलर पॅनेलवर. शिवाय गाडीच्या छतावर पॅनेल, त्यावर दिवसाला तीसेक किलोमीटर जादा. गाडीबरोबर एका माणसानं तीन महिने जायचं आणि तिथल्या तीस वायरमनना काम शिकवायचं. साहेबांनी नाव घेतलं पायलचं.

पायल चोवीस वर्षांची, डिप्लोमावाली. पहिल्या दिवशी तिनं लग साध्या पकडीनं दाबला होता. "अगं, हे काय अडकित्त्यानं सुपारी फोडतेस?" म्हणून उज्वलानंच तिच्या हाती योग्य हत्यार दिलं होतं.

"ताई, गाडीचं वायरिंग तुमचंच आहे, मी नाही म्हणतच नाही," साहेब म्हणाले होते. "पण तिथे इंग्रजी लागणार."

"मला समजतं साहेब इंग्रजी."

"समजतं हो. बोलता का?"

उज्वला पकड उचलून गाडीकडे वळली. घरी नवरा रवी म्हणाला, "जाऊ दे ना तिला. तिकडे ऊन पण फार असेल." दोन दिवस ती त्याच्याशीही बोलली नाही.

एक आशा मात्र उरली होती. पहिली गाडी बघायला आक्राहून एक बाई येणार होत्या. त्या तिथल्या डेपोच्या प्रमुख. कोण जाणार, यावर शेवटचा शब्द त्यांचा.

त्या आल्या तो दिवस नेमका रथसप्तमीचा. साहेबांच्या आई, सुमनबाई, भल्या सकाळीच वर्कशॉपमध्ये हजर. सूर्याचा रथ पुजायचा दिवस आणि दारात सूर्यावर चालणारी गाडी, म्हटल्यावर त्यांना धरवतंय कुणाला! शेगडीवर दूध उतू घालून झालं, गाडीच्या नाकावर कुंकवाचा सूर्य काढून झाला. मग त्यांनी शिडी मागवली आणि पोरांना वर चढवलं.

"आई, काठानं लावा फक्त माळा," साहेब म्हणाले.

"तू गप रे. नवरदेवाची गाडी अर्धवट सजवतात का?"

साहेब पाहुण्यांना आणायला निघून गेले. झेंडूच्या जाडजूड माळा छताच्या काठानं लागल्या, आणि चार माळा छतावरून आडव्याही गेल्या. पायल तेव्हा आत लॅपटॉप जोडत होती. खाली उभ्या माणसाला दिसायची ती फक्त काठाची पिवळी झालर.

साडेनऊला आक्राच्या बाई आल्या. उंच, करड्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी सुमनबाईंकडून कुंकू लावून घेतलं, तीळगूळ खाल्ला आणि स्क्रीनसमोर उभ्या राहिल्या. त्या वेळच्या उन्हात छतानं हजारभर वॉट तरी द्यायला हवे होते. पायलनं आकडा वाचला, तीनशे दहा.

उज्वला तेव्हा स्टोअरच्या लोखंडी जिन्यावर चहाचा कप घेऊन उभी होती. तिथून छत दिसायचं. तिनं एकदा आकडा ऐकला, एकदा छताकडे पाहिलं आणि तिला कळलं. पॅनेलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात. ठिबकची नळी एका जागी चिमटली की पुढची सगळी झाडं कोरडी राहतात, तसं दोन-चार सेलवर सावली पडली की सगळी ओळच मंदावते. आणि झेंडूच्या माळा प्रत्येक ओळीवर आडव्या पसरल्या होत्या.

एक हाक मारायची होती, बस. ती तोंडाशी आलीही. तेवढ्यात पायल पाहुण्या बाईंना इंग्रजीत काहीतरी सांगून हसली. अगदी सहज, घरच्यासारखी. उज्वलानं चहाचा घोट घेतला. बघू दे तिला, तिचं इंग्रजी काय सांगतं ते.

दहा वाजले. पायलनं सेटिंग तपासली. कंट्रोलर बंद करून परत चालू केला. साडेदहाला तिनं फ्यूज काढून पाहिले. तिच्या कपाळावर घाम आला, साहेबांचा आवाज चढला. "अगं, पंधरा दिवस टेस्टिंग केलंस ना? मग आज काय झालं?" उज्वला तोवर खाली येऊन भिंतीशी उभी राहिली होती. तिला पोटात गार गार वाटत होतं, आणि त्या गारव्याची थोडी लाजही वाटत होती. पण थोडीच.

अकराला साहेब म्हणाले, "छतावरून येणारं वायरिंग उघड. कुठेतरी आत गडबड असणार."

पायलनं कटर उचलला. ते वायरिंग उज्वलानं तीन दिवस बसून, चार-चार बोटांवर दोरीची गाठ मारत बांधलेलं होतं. पहिली गाठ तुटली आणि उज्वला भिंतीपासून सुटली.

"हात लावू नकोस! माझ्या वायरिंगमध्ये काही नाही."

तिनं शिडी लावली, वर चढली आणि आडव्या माळा ओढून खाली भिरकावल्या. एक माळ सुमनबाईंच्या पायाशी पडली. "अगं बाई, पूजेची फुलं!" त्या ओरडल्या. पण सगळे स्क्रीनकडे बघत होते. सहाशे, नऊशे, अकराशे साठ.

पाहुण्या बाईंनी टाळी वाजवली. उज्वला खाली उतरली तेव्हा त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि काहीतरी विचारलं. प्रश्न उज्वलाला समजला होता, तरी पायलनं मराठीत सांगितला. "ताई, त्या विचारतायत, तुमच्या हे कधी लक्षात आलं?"

आत्ताच, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण साहेब बघत होते, सगळं वर्कशॉप बघत होतं. लॅपटॉपवाल्या पोरीला जे दीड तासात सापडलं नाही ते आपल्याला एका नजरेत दिसलं, हे कुणाला कळायला नको?

"साडेनऊलाच," उज्वला म्हणाली. "जिन्यावरून. एका नजरेत."

पायल तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं, एक शब्द कमी नाही की जास्त नाही.

बाईंनी घड्याळ पाहिलं. हात सोडला नाही. शांतपणे एवढंच म्हणाल्या, की तुमच्यासारखी नजर मला माझ्या डेपोत हवी होती. पण मला तीस जणांना शिकवणारं माणूस न्यायचं आहे. दिसलेलं दीड तास पोटात ठेवणारं मी कसं नेऊ?

हे पायलनं मराठीत सांगितलं नाही. तशी गरजही नव्हती. उज्वलाला शब्दन् शब्द समजला होता.

दुपारी उज्वला गाडीत बसून तुटलेली गाठ पुन्हा बांधत होती. पायल आली आणि पायरीवर बसली.

"ताई, तुम्हाला सकाळीच दिसलं होतं."

"सांगितलं की सगळ्यांसमोर."

"अजून काय काय दिसलंय, जे मला सांगितलं नाहीत?"

उज्वला दोरी ओढत राहिली. पुष्कळ होतं. मागच्या दाराच्या बिजागरीशी वायर घासते. पावसात तिसऱ्या जोडाला पाणी लागतं. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत लगना ग्रीस लावावं लागेल. यातलं काही सांगितलं नाही तर पायल तिथे तोंडावर पडेल, आणि तो विचार अजूनही गोड लागत होता. पण पायलबरोबर गाडीही पडली असती.

"वही काढ," ती म्हणाली.

पाच वाजेपर्यंत ती सांगत होती. मध्ये दोनदा चिडली, एकदा पायलच्या अक्षराला नावं ठेवली. शेवटी पायल वही मिटत म्हणाली, "तिकडून रोज फोन करू का, ताई?"

"रोज कशाला? मला कामं आहेत. अडलं तर कर."

पायल उठली. चार पावलं गेली असेल.

"ए," उज्वलानं हाक मारली. "आणि सकाळी दहाला छताचा आकडा पाठवत जा. न चुकता. माझी गाडी आहे ती."