पुसलेली तार

डिझेल गाडीचा जोर गेला की बजाजनगरातले बाकीचे मिस्तरी आधी टर्बो, इंजिनात हवा कोंबणारा पंखा, खोलायचे. इंद्रजीत साळवे खोलायचा नाही. तो एअर फिल्टरच्या पुढचा नळा चाचपायचा, त्यातला सेन्सर काढून उजेडात धरायचा आणि गिऱ्हाइकाला समजावायचा, "इंजिनात हवा किती चालली ते हा मोजतो. ह्यानं कमी सांगितली की काँप्युटर डिझेल बी कमी सोडतो. मंग धुराला जोर नाय. आन् धुराच्या जोरावरच टर्बो फिरतो. त्याला उगंच शिव्या." मूळचा बिडकीनचा. आयटीआय करून बारा वर्षं दुसऱ्याच्या वर्कशॉपात राबला, मग स्वतःचं गॅरेज टाकलं.

मार्चात काकासाहेब ॲम्ब्युलन्स घेऊन आला. तो फुलंब्रीचा, एका खासगी दवाखान्याची गाडी चालवायचा, आणि इंद्रजीतचा पंधरा वर्षांपासूनचा दोस्त. "चढाला दम धरीना, मिस्तरी. पाय दाबला तं नुसती वरडती, पळत नाय."

इंद्रजीतनं सेन्सर काढला. आतल्या बारीक तारेवर तेलकट काळं पुट चढलं होतं. ती तार पुसायची नसते. तिच्यासाठी वेगळा स्प्रे मिळतो, मारला की लगेच उडून जाणारा. तो डबा दोन दिवसांपूर्वीच संपला होता, आणायचा राहून गेला होता. काकासाहेबाला दवाखान्यातून फोनवर फोन येत होते. इंद्रजीतनं कापसाचा बोळा पेट्रोलात बुडवला आणि तार पुसली. अगदी हलक्या हातानं, पण पुसली. एक चक्कर मारून पाहिली, गाडी बरी ओढत होती.

"दोन दिसांनी परत आण. नवा बसवू."

"आणतो की."

तो आला नाही. इंद्रजीतनंही फोन केला नाही.

नवव्या दिवशी भर दुपारी फुलंब्रीच्या लक्ष्मीबाईंच्या छातीत कळ आली. मुलगा अतुल त्यांना घेऊन ॲम्ब्युलन्समधून शहराकडं निघाला. चौक्याच्या घाटात डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि गाडीचा जोर गेला. काटा वीसच्या वर जाईना. मागचे ट्रक हॉर्न देत पुढं निघून गेले. काकासाहेबानं दोनदा गाडी बंद करून चालू केली, देवाचं नाव घेतलं, शिव्या घातल्या. दवाखान्याच्या दारात पोचले तेव्हा लक्ष्मीबाई गेल्या होत्या.

दवाखान्यानं काकासाहेबाला घरी बसवलं. गाडी वेळेवर दाखवली नाही, हा ठपका. गाडी दुसऱ्या वर्कशॉपात गेली. तिथं नवा टर्बो बसला, तरी ती ओढेना. मग कुणीतरी सेन्सर काढून पाहिला. तिथला ओळखीचा मिस्तरी चहा पिता पिता इंद्रजीतला म्हणाला, "तारेला कापसाचा धागा चिकटला व्हता. तार बी वाकलेली. कुण्या येड्यानं पुसली काय म्हाईत."

त्या दिवशी इंद्रजीत जेवला नाही. निशाला, बायकोला, त्यानं सगळं सांगितलं. तिनं गॅस बंद केला.

"अजून कुणाला म्हाईत हाये?"

"नाय."

"मंग राहू द्या ना. गेलेली बाई काय परत येती का?"

"काकासाहेब घरी बसलाय, निशा."

दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात गेला. मॅनेजरनं ऐकून घेतलं, लिहून मागितलं, कागद फाइलीत लावला आणि सांगितलं की नवा ड्रायव्हर कालच रुजू झालाय.

तिथून तो फुलंब्रीला गेला. अतुलनं खुर्ची दिली, पाणी दिलं. इंद्रजीतनं तार, कापूस, न केलेला फोन, काही लपवलं नाही.

"गाडी नीट असती तं किती लवकर पोचलो असतो?" अतुलनं विचारलं.

"पंधरा मिनिटं. वीस बी."

"आई वाचली असती?"

"ते मला सांगता यायचं नाय, भाऊ."

"डॉक्टरला बी सांगता आलं नाय." अतुल उठून दारापाशी गेला. "मी म्हणलो, नशीब. तसं मानलं तवा कुठं झोप लागाया लागली व्हती. तुम्ही कामून आले?"

इंद्रजीतनं पाण्याचा पेला खाली ठेवला. तो तसाच उठला.

काकासाहेबाचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. त्यानं उंबऱ्यातच उभं राहून सगळं ऐकलं. "मीच गाडी आणली नाय म्हणून बाई गेली, असं समजून बसलो व्हतो," तो म्हणाला. "घरचे बी तेच म्हणायले." मग त्यानं दार लोटून घेतलं.

आता काकासाहेब पाण्याचा टँकर चालवतो. वाळूजच्या रस्त्यावर कधी समोरून येतो, काच वर करून सरळ निघून जातो. इंद्रजीत गॅरेजवर असतो. ॲम्ब्युलन्स आली तर हात लावत नाही, दुसऱ्या मिस्तरीचा पत्ता देतो. का, ते सांगत नाही.