काट्यातलं दोनमजली घर

आठवीत शाळा सोडून मी कोकणातून लोणारच्या एका खानावळीत कामाला आलो. इथं माझं कुणीच नव्हतं. दर रविवारी सरोवराची पायवाट साफ करणाऱ्या मंडळींनी मला आपल्यात घेतलं, हे त्यांचे उपकारच. वळण कळावं म्हणून ते तिथं दगडावर दगड रचत. आमच्याकडे देवाच्या डोंगरावर लोक आपलं घर व्हावं म्हणूनही असेच दगड रचतात. म्हणून एकदा मीही गुपचूप आडबाजूला माझं घर रचलं.

पुढच्या रविवारी फिरायला आलेली अख्खी टोळी ती खूण बघून बाभळीत शिरली. त्यांच्या कपड्यांतले काटे काढता काढता आमचे म्होरके काका ओरडले, "हे कोनं रचलं बे?"

आता मला काढून टाकतात, या भीतीनं मी घाईघाईनं पुढे झालो. "काका, ते माझं घर आहे."

"घर? मंग काट्यात काऊन बांधलं?"

"अन् दोन मजली हाय ना बे!" दुसरे एक म्हणाले. सगळे खिदळले, काटे टोचलेले पाहुणेसुद्धा.

काकांनी माझे दगड उचलून वळणावर नीट रचले आणि वर एक चपटा दगड ठेवला. "घे, गच्ची झाली तुही. जिना राह्यला. पुढच्या रविवारी लवकर येजो."