मिलाग्रोचे कान

आल्कोयच्या कापडगिरणीत मिलाग्रो विलाप्लाना हिने बत्तीस वर्षं माग चालवले. निवृत्त झाली आणि घरचं बोलणं तिला ऐकू येईना. मुलगी रोसाउरा तीनदा हाक मारी, तेव्हा कुठे ती मान वळवी. पण बशीवर चमचा आपटला की कानांवर हात दाबून किंचाळे.

"सोंग आहे तुझं, आई," रोसाउरा म्हणाली. "हाक ऐकू येत नाही आणि चमचा बरा येतो!"

"मोठ्याने बोल."

रोसाउरा मोठ्याने बोलली.

"खेकसतेस कशाला?"

शेवटी रोसाउराने तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवून तिच्या कानात बारीकमोठे सूर सोडले. ऐकू आला की बोट वर, सोसेना झाला की हात वर. बोट वर जायला बराच वेळ लागला; हात मात्र लगोलग गेला.

कागदावर डॉक्टरांनी लिहिलं, 'तोलेरान्सिया आल रुइदो', म्हणजे आवाज सोसण्याची ताकद. आणि पुढे, 'कमी'.

मिलाग्रो लालबुंद झाली. "कमी? माझी? अहो, आमच्या खात्यात साठ माग एकदम धडधडत. नव्या पोरी दोन दिवसांत रडत घरी जात. मी कानात कधी बोळासुद्धा घातला नाही!"

"त्यामुळेच झालं हे, बाई. बारीक आवाज कानाला कळेनासे झालेत, आणि जो कळतो तो थेट डोक्यात घुसतो. सोंग नाही हे."

रोसाउराने आईची पिशवी आपल्या हातात घेतली.

एप्रिलमध्ये मूर-ख्रिस्ती लढाईचा सण आला. शेवटच्या दिवशी गावभर बंदुकांचे बार उडतात. मिलाग्रोने तो दिवस जन्मात चुकवला नव्हता. या वेळी ती डोंगरावर एन्कार्नाच्या मळ्यातल्या घरी गेली. एन्कार्ना तिच्याच खात्यातली. खात्यातल्या आणखी तिघी आल्या. पाचही जणींचे कान सारखेच झालेले.

संध्याकाळी रोसाउरा आईला न्यायला आली. टेबलाभोवती पाच बाया बसलेल्या आणि आवाज म्हणून नाही. नुसते ओठ हलत होते. मागांच्या गदारोळात त्या वर्षानुवर्षं अशाच बोलत आल्या होत्या. एन्कार्नाचे ओठ हलले आणि पाचही जणी पोट धरून हसू लागल्या.

"काय म्हणाली गं ती?" रोसाउराने विचारलं.

मिलाग्रोने डोळे पुसले. "तुला सांगण्यासारखं नाही," ती म्हणाली आणि पुन्हा एन्कार्नाकडे वळली.